एम.ए. अर्थशास्त्र : हाताने शिकायचा विषय

अर्थशास्त्रात एम.ए. करतोय म्हटलं की डोंबिवलीत पहिला प्रश्न येतो, "मग शेअर बाजारातलं चांगलं कळत असेल?" आणि लगेच दुसरा, "पुढे काय?" दुसऱ्याची उत्तरं तरी देता येतात: नेट-सेट, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची परीक्षा, भारतीय आर्थिक सेवा, नाहीतर तासिका तत्त्वावर शिकवणं. पहिल्या प्रश्नाला मी हसून मान हलवायला शिकलो. पण या दोन वर्षांत माणूस बसून नेमकं करतो काय, हे कुणीच विचारत नाही. तो वाचतो कमी आणि सोडवतो जास्त.

बी.ए.ला हा विषय गद्य असतो. मागणीचा नियम, त्याचे अपवाद, त्यावरची टीका, शेवटी निष्कर्ष. गाइड नीट पाठ केलं की प्रथम वर्ग फारसा लांब नसतो. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेली मुलं पदवीपर्यंत सुखाने पोचतात. एम.ए.च्या सुरुवातीच्याच तासांना मॅडम फळ्यावर उपयोगिता फलन लिहितात, त्याखाली उत्पन्नाची मर्यादा, मग लाग्रांजचा गुणक, आणि "आता आंशिक विकलन करा" म्हणून खडू खाली ठेवतात. वर्गात शांतता पसरते. काही जण दिवाळीनंतर दिसतच नाहीत.

जे टिकतात ते वहीच्या जोरावर. समजा, वडापाव २० रुपयांना, चहा १० रुपयांना आणि या दोन्हींवर महिन्याला उडवायला ६०० रुपये. समाधान म्हणजे दोन्हींच्या नगांचा गुणाकार, असं धरू. प्रत्यक्षात कुणाचं समाधान असं मोजता येत नाही, पण 'असं धरू' म्हटल्याशिवाय या शास्त्राचं पान हलत नाही. गणित सांगतं, पैसे निम्मे-निम्मे वाटा: १५ वडापाव आणि ३० चहा. इथवर पाठांतरानेही येतं. मग लॅम्डा, म्हणजे तोच लाग्रांजचा गुणक, काढायचा. तो येतो दीड. हा दीड कसला? हातात आणखी एक रुपया असता तर समाधान साधारण दीडाने वाढलं असतं. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली आहे. मी ६०० च्या जागी ६०१ घालून पाहिलं, ४५० चं जवळजवळ ४५१.५ झालं, आणि ती ओळ एकदाची डोक्यात बसली.

आता वडापाव २५ रुपयांचा झाला. १५ चे १२ उरले. स्लट्स्कीचं समीकरण विचारतं, हे तीन कशामुळे गेले? उत्तर काढायचं तर जुना बेत जसाच्या तसा परवडावा म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात आधी ७५ रुपये जादा ठेवायचे, म्हणजे ६७५. तरीही ते साडेतेराच वडापाव घेतं. याचा अर्थ, दीड वडापाव गेला तो चहा तुलनेने स्वस्त वाटू लागल्यामुळे आणि उरलेला दीड गेला खिसा हलका झाल्यामुळे. महागाई भत्ता पुरेपूर मिळाला तरी घरची खरेदी पूर्वीसारखी का राहत नाही, याचं मूळ या दीड-दीडमध्ये आहे. मायक्रोचा अख्खा पेपर विसरलो तरी एवढं विसरणार नाही.

हे समीकरण मांडणारा स्लट्स्कीचा लेख १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर एम.ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचं प्रशासन आणि वित्तव्यवहार हा त्यांच्या प्रबंधाचा विषय, आणि कोलंबियातल्या वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले होते. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवायला आले. पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतःचा विभाग सुरू केला. आमच्या वर्गात आंबेडकर जयंती झाली, पण 'रुपयाचा प्रश्न' लिहिणारा अर्थतज्ज्ञ म्हणून ते अभ्यासक्रमात ओझरतेच भेटले. हे मला आजही खटकतं.

आमचा हिशेब २९ चा नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या एम.ए.चा साचा असा आहे: चार सत्रं, प्रत्येकी २२ श्रेयांक, एकूण ८८. त्यातले १० संशोधन प्रकल्पाला, ४ संशोधन पद्धतीला, ४ कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायच्या प्रशिक्षणाला. बाकीचे सत्तर पेपरांचे. त्यात सगळ्यांत दरारा इकोनोमेट्रिक्सचा, आणि तिथला गुरू म्हणजे 'गुजराथी'. दामोदर गुजराथी हे मुंबई विद्यापीठाचे एम.कॉम.; पुढे शिकागोला जाऊन पीएच.डी. झाले आणि अमेरिकेतच शिकवत राहिले. त्यांचं जाडजूड पुस्तक किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनं मिळतं. आधीच्या मालकाने पेन्सिलीने गणितं सोडवलेली असतील तर ती प्रत नव्यापेक्षा चांगली. मी तशी शोधून घेतली.

डोंबिवलीहून कुर्ला तीसेक किलोमीटर. तिथून कलिन्याला विद्यापीठात जायला बस नाहीतर शेअर रिक्षा. लोकलमध्ये उभ्याने वही उघडता येत नाही, पेन तर दूरच. त्यामुळे गाडीत फक्त तोंडी होणारी कामं: गाउस-मार्कोव्हची गृहीतकं, सोलोच्या प्रतिमानाच्या पायऱ्या, विषमविचलनाची लक्षणं. सोडवायचं सगळं रविवारवर पडतं. आमच्याकडे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण त्या एमपीएससीवाल्यांच्या. तिथे बोलायला बंदी आणि आमचं काम बोलल्याशिवाय होत नाही. "ही पायरी कुठून आली?" असं कुणीतरी विचारावं लागतं. म्हणून एका मैत्रिणीच्या सोसायटीचं ऑफिस आम्हाला सेक्रेटरींनी वापरायला दिलं. मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी लावलेल्या फलकाखाली बसून आम्ही थकबाकीदारांवरच रिग्रेशन चालवून पाहायचा बेत केला होता. सेक्रेटरी काकांनी तो हाणून पाडला.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प, म्हणजे मुंबईच्या भाषेत ब्लॅक बुक. बरेच जण चाळीस-पन्नास जणांकडून गुगल फॉर्म भरून घेतात, रंगीत वर्तुळं काढतात आणि बाइंडिंगला टाकतात. मी ठाणे जिल्ह्यातल्या स्त्रियांचा कामातला सहभाग हा विषय घेतला आणि पहिल्याच तक्त्याला अडकलो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वाधिक. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. पंधरा तालुक्यांपैकी आठ तिकडे गेले आणि ठाण्यात सात राहिले: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड, शहापूर. जव्हार-मोखाड्याची आदिवासी शेतकरी बाई आणि वसई-विरारसारखं बारा लाखांवर वस्तीचं शहर, दोन्ही एकदम हिशेबातून बाहेर. जिल्ह्याची २०११ ची सरासरी आणि आजची सरासरी शेजारी ठेवली तर बदल दिसतो तो बायकांच्या आयुष्यातला नव्हे, नकाशातला असू शकतो.

उपाय एकच. २०११ चे तालुकानिहाय तक्ते उघडून आजचं ठाणे तेव्हाच्या सात तालुक्यांतून पुन्हा जुळवायचं. तसं केलं की लोकसंख्या ८० लाख ७० हजार येते. महापालिकेचा आकडा हवा असेल तर आणखी एक पेच: कल्याण-डोंबिवलीतून २००२ मध्ये वगळलेली २७ गावं २०१५ मध्ये परत आत आली. २०११ चे साडेबारा लाख त्यांच्याविना आहेत. हे न बघता वाढीचा दर काढला की शहर फुगल्यासारखं दिसतं, आणि असे दर छापून येतातही.

ताज्या आकड्यांसाठी श्रमशक्ती सर्वेक्षण आहे, २०१७-१८ पासूनचं, आणि त्याची मूळ नोंद फुकट मिळते. फाइल उघडली की नुसते अंक, ना मथळे ना स्तंभ. सोबतच्या आराखड्यावरून कितव्या जागेवर वय, कितव्यावर शिक्षण हे मोजून संगणकाला सांगायचं; प्रत्येक ओळीला तिचं वजन लावायचं. एवढं करून कळतं की त्या वर्षांचा नमुना मुळात राज्याचं चित्र देण्यासाठी आखलेला होता, एकट्या ठाण्याचा टक्का त्यातून ठामपणे सांगता येत नाही. मी अख्खी किनारपट्टी धरली आणि विषयाचं नाव बदललं. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर सगळ्यांना हीच कसरत.

व्हायवाला परीक्षकांनी निष्कर्ष विचारले. तालुके जुळवण्यात गेलेल्या महिन्यांबद्दल एकही प्रश्न आला नाही. माझ्या मते या पदवीत त्याहून मोलाचं मी काही शिकलो नाही, आणि प्रकल्प शेवटच्या वर्षापर्यंत लांबवणं ही आखणीतली चूक आहे. आकड्यांशी झटापट पहिल्या सत्रातच व्हायला हवी.

कल्याण-ठाण्याकडच्या कला शाखेच्या मुलामुलींनो, प्रवेश घेणार असाल तर जूनची वाट पाहू नका. बारावीचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. विकलन, त्याचे उपयोग आणि सारणी ही प्रकरणं आजपासून हाताने सोडवायला घ्या. उत्तरं पुस्तकाच्या मागे दिलेली आहेत.