जपानी वाद्य, आगरी हळद

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या महामार्गाला वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. आजूबाजूची गावे आगरी-कोळ्यांची. लग्नसराईत इथे हळदीच्या रात्री बेंजो वाजला नाही, तर वऱ्हाडाचे पाय उचलत नाहीत. हाच बेंजो उरुसात कव्वालाच्या बाजूलाही दिसतो. रमजानमध्ये मैफली थंडावतात. ईद झाली की पुन्हा सुपाऱ्या सुरू होतात.

दोन्हीकडे ‘आपला’ वाटणारा हा बेंजो मूळचा जपानचा. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘तैशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘बेंजो’.

कव्वालीत पूर्वी सारंगीची साथ असे. तिची जागा युरोपातून आलेल्या हार्मोनियमने घेतली आणि पुढे बेंजो तिच्या जोडीला बसला. दोन ओळींमधली जागा तो चपळ सुरांनी भरतो. हळदीच्या मांडवात त्याला अँप्लिफायर जोडला गेला आणि त्याचा सूर ढोल-ताशाच्या वर ऐकू येऊ लागला. रवी जाधव यांनी २०१६ साली अशा वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला.

याच मांडवात त्याहून जुना एक आवाज आहे. आगरी लग्नातले विधी धवलारणीच्या धवल्यांवर चालतात. ही गाणी तोंडपाठ, थोरलीकडून धाकटीकडे आलेली. स्पीकरच्या भिंतीपुढे तिचा गळा कुठवर पुरणार?

आता डीजेने बेंजो पार्टीच्याही सुपाऱ्या पळवल्या आहेत. दोघांत फरक आहे. बेंजो परका होता, पण तो वाजवायला गावचा पोरगा होता. त्याने कोळीगीतांच्या चाली बोटांवर बसवल्या, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लय चढवली. ‘जरा थांब, धवला होऊ दे,’ असे त्याला सांगता येत असे. तयार गाणे नाचणाऱ्याकडे बघत नाही.

नवे वाद्य आले म्हणून परंपरा मोडत नाही. त्याला जुनी चाल शिकवणारे कुणी उरले नाही, की ती मोडते. मांडवात आधी धवला, मग बेंजो, एवढा क्रम लावणे तर यजमानाच्याच हातात आहे.