भरती संपली, पळणं का सोडलं?

पोलीस भरतीसाठी पहाटे उठून घाम गाळणारी पोरं-पोरी यादी लागली की मैदानाकडे फिरकतसुद्धा नाहीत. मार्कांसाठी कमावलेला दम मार्कांबरोबरच सोडून द्यायचा का?

पहाटे साडेपाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर चक्कर मारा. अंधारातच पोरं पळताना दिसतील. झेडपी शाळेच्या मैदानावर कुणी चुन्याच्या रेषांमध्ये शंभर मीटर मारतंय, कुणी गोळा टाकतंय, एक जण मोबाइल हातात धरून टायमिंग ओरडतोय. तुम्ही त्यातले एक असाल. नाहीतर तुमचा भाऊ, बहीण, रूम पार्टनर, कुणीतरी असेलच.

त्यांना विचारा, व्यायाम कशासाठी करता?

उत्तर एकच. ‘भरती आहे ना!’

बरोबरच आहे. पोलीस शिपाई भरतीत ग्राउंडला ५० मार्क. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याचे २०. शंभर मीटरचे १५ आणि गोळ्याचे १५. निम्मे मार्क तर हवेतच, पण लेखीपर्यंत पोचायचं तर त्याहून बरेच जास्त लागतात. सेकंदासेकंदाला मार्क जातात. त्यात वयाची अट, खुल्या गटाला २८ आणि राखीव गटांना ३३. मग गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी, तसा व्यायामही एक ‘विषय’ होऊन बसतो.

आणि परीक्षा झाली की आपण पुस्तकाचं काय करतो? रद्दीत.

शरीर म्हणजे गाइड नव्हे!

विषय म्हटलं की आपण आदल्या रात्री जागून अभ्यास उरकतो. ग्राउंडचंही तेच. जाहिरात आली की पळायला सुरुवात, तीही थेट डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. नडगी ठणकते, गुडघा सुजतो. ‘थांबलो तर टायमिंग जाईल’ म्हणून पेनकिलर खाऊन पळणारे आहेत. कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन टोचून घेणारेही आहेत. त्यात काय असतं, हे टोचणाऱ्यालाही धड माहीत नसतं.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना कोसळून उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर पळायचं अंतर कमी करावं लागलं. तेव्हा छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुढची भरती येते, जीव परत येत नाही.

दुसरं टोक म्हणजे यादी लागल्यानंतरचं. नाव नाही आलं तर ‘आता कशाला पळू?’ नाव आलं तर ट्रेनिंग संपल्यावर बंदोबस्त, नाइट ड्युटी, वेळी-अवेळी वडापाव, ‘आता कुठं वेळ मिळतो?’ दोघांचंही पळणं बंद, पण खुराक मात्र ग्राउंडवाल्याचाच. मग वर्षभरात शर्टाची बटणं कुरकुरायला लागतात. दम तर त्याआधीच जातो. काही आठवडे पूर्ण बंद केलं की तो कमी व्हायला लागतो.

तिला निमित्त पुरवू नका, मैदान द्या

पोरींची गोष्ट आणखी वेगळी. गावात मुलीने ट्रॅक पँट घालून पहाटे रस्त्यावर पळायचं, तर घरच्यांना सांगायला कारण लागतं. भरती हे चालणारं कारण आहे. ‘पोलिसात जायचंय’ म्हटलं की वडीलही सोबत उभे राहतात, आई अंडी उकडून ठेवते.

पण ‘मला बरं वाटतं म्हणून पळते’ म्हटलं तर?

भरती हुकली किंवा लग्न ठरलं, की तिचं मैदान सुटतं. भावाला निदान संध्याकाळचं क्रिकेट तरी असतं. तिच्या वाट्याला तेही नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तिला पुन्हा पहाटे उठवा. ‘आता कशाला?’ असं विचारू नका.

मग किती पुरे?

घाबरू नका, रोज भरतीसारखं मरमर पळायचं नाहीये. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणं आणि दोनदा जोर-बैठका. जिमची फी नाही, डबा भरून पावडर नाही.

भरतीवाल्यांकडे तर निम्मी तयारी आहेच. पहाटे उठायची सवय आहे, ग्रुप आहे, मैदान ओळखीचं आहे. एवढंच करा :

* ग्रुप मोडू नका. यादीनंतरही आठवड्यातून तीन दिवस भेटायचं ठरवा.
* पळून कंटाळा आला असेल तर कबड्डी, व्हॉलीबॉल, पोहणं, सायकल, काहीही चालेल.
* दुखणं मुरवू नका. बरं होईपर्यंत विश्रांती घ्या.
* अकॅडमीतल्या नव्या पोरांना वॉर्मअप शिकवा. त्यानिमित्ताने तुमचाही होतो.

आणि एखाद्या दिवशी स्टॉपवॉच न लावता पळून बघा. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर थांबा, दोन शब्द बोला, पुन्हा पळा. पळणं आपल्याला आवडतं की नाही, हे कदाचित पहिल्यांदाच कळेल.