धातुशोधक यंत्रासाठी लहान शोधकुंतलाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तन तत्त्वावर चालणारे एक उपकरण तयार केले. उपकरण सदोष नव्हते. तथापि रुग्णाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांमुळे संकेत अस्पष्ट झाले आणि शोध प्रामुख्याने शरीराच्या उजव्या बाजूसच घेण्यात आला. १९ सप्टेंबर रोजी गारफिल्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. इष्ट वस्तूच्या शेजारी असणारा अनिष्ट धातू शोध कसा निष्फळ ठरवतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय. आजही धातुशोधक वापरणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा असतो व लहान शोधकुंतल हे त्यावरील एक उत्तर आहे.

उद्दिष्टे :
१) कुंतलाचा आकार व शोधाची खोली यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) लहान कुंतल कोठे उपयुक्त व कोठे अनुपयुक्त ठरते, हे पाहणे.
३) निवडीचे व्यावहारिक निकष मांडणे.

यंत्राचे कार्यतत्त्व :
मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. धातुशोधक यंत्र याच तत्त्वावर चालते. प्रक्षेपक कुंतलातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आल्यास तिच्यात आवर्त प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे दुय्यम क्षेत्र ग्राहक कुंतल टिपते व यंत्र ध्वनी देते. म्हणजेच संकेताला जाणे व परत येणे असा दुहेरी प्रवास करावा लागतो. कुंतलाच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असल्यास क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे तेथे खोली दुप्पट झाली असता संकेत सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो.

आकार आणि खोली :
वर्तुळाकार कुंतलाच्या अक्षावरील क्षेत्राच्या सूत्राने १५ सेंमी व २८ सेंमी व्यासाच्या दोन कुंतलांची तुलना करता येते. दोहोंतील वेटोळ्यांची संख्या व प्रवाह समान मानल्यास ५ सेंमी खोलीवर लहान कुंतलाचे क्षेत्र सुमारे १.३ पट प्रबळ असते. सुमारे ७ सेंमी खोलीवर दोन्ही सारखी ठरतात. १० सेंमी खोलीवर मोठे कुंतल १.३ पट, तर २० सेंमी खोलीवर सुमारे २.३ पट प्रबळ ठरते. प्रत्यक्ष यंत्रांत हे आकडे बदलतील, परंतु त्यांची दिशा बदलणार नाही. उथळ व बारीक वस्तूंसाठी लहान कुंतल आणि खोल व मोठ्या वस्तूंसाठी मोठे कुंतल योग्य होय. ‘मोठे ते नेहमीच चांगले’ ही समजूत यावरून चुकीची ठरते.

लोखंडी कचरा व संकेतांचे झाकोळणे :
इंग्लंडमधील नांगरलेल्या शेतांत रोमन वस्त्यांच्या जागी लोखंडी खिळे विपुल सापडतात. खिळा व नाणे यांत १८ सेंमी अंतर आहे असे समजू. २८ सेंमीचे कुंतल या दोन्हींवर एकाच वेळी येऊ शकते. अशा वेळी दोन्ही संकेत एकमेकांत मिसळतात. लोखंड वगळण्याची सोय चालू असेल, तर खिळ्याबरोबर नाण्याचा संकेतही दाबला जाण्याचा संभव असतो. १५ सेंमीचे कुंतल मात्र दोन्ही वस्तू एकाच वेळी आपल्याखाली घेऊ शकत नाही. शिवाय वस्तूची जागा नेमकी कळल्याने खड्डा लहान पुरतो व भोवतालच्या मातीचे थर कमी विस्कळीत होतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हा लाभ नाण्याच्या मोलाइतकाच महत्त्वाचा आहे.

रचना व जमिनीचा प्रकार :
कुंतलाच्या दोन रचना विशेष प्रचलित आहेत. समकेंद्री रचनेत एका वर्तुळात दुसरे वर्तुळ असते. तिने वस्तूचे स्थान नेमके कळते, परंतु खनिजयुक्त जमिनीत ती लवकर गोंधळते. दुहेरी ‘डी’ रचनेत ‘डी’ आकाराची दोन कुंतले एकमेकांवर अंशतः येतात व मध्यभागी पुढून मागे जाणारा अरुंद संवेदनशील पट्टा तयार होतो. खनिजयुक्त जमिनीत ही रचना अधिक स्थिर राहते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट असल्याने महाराष्ट्रातील जमिनीसंदर्भात हा मुद्दा विचारात घ्यावा लागतो. लहान कुंतल एका वेळी कमी माती ‘पाहते’; साहजिकच जमिनीचा अनिष्ट संकेतही घटतो.

मर्यादा :
लहान कुंतलाने वेळ अधिक लागतो. प्रत्येक फेरी मागील फेरीवर निम्मी यावी असे धरल्यास १ मीटर पुढे जाण्यास २८ सेंमी कुंतलाने सुमारे ७, तर १५ सेंमी कुंतलाने सुमारे १३ फेऱ्या माराव्या लागतात. विस्तीर्ण व स्वच्छ मैदानाच्या प्राथमिक पाहणीस ते म्हणूनच सोयीचे नाही.

निवडीचे निकष :
१) जागेवर लोखंडी कचरा किती आहे व अपेक्षित वस्तू किती खोल आहे, हे प्रथम ठरवावे.
२) कुंतल आपल्या यंत्राच्या प्रारूपास व वारंवारतेस अनुरूप असल्याची खात्री करावी. केवळ जोडणी बसते म्हणून कुंतल चालेलच असे नाही.
३) खनिजयुक्त जमिनीत दुहेरी ‘डी’ रचनेस प्राधान्य द्यावे.
४) नवे कुंतल जोडल्यावर भू-संतुलन पुन्हा करावे.
५) ज्ञात खोलीवर खिळा व नाणे पुरून प्रथम चाचणी घ्यावी.

कायदेशीर चौकट :
साधन कितीही अचूक असले तरी शोधाचा अधिकार त्यातून मिळत नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर अॅक्टनुसार निधी सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. संरक्षित स्थळी धातुशोधक वापरण्यास तेथे पूर्वपरवानगी आवश्यक असते. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. तसेच १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालील संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. गडकोटांच्या परिसरात हौसेने यंत्र फिरवणाऱ्यांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, लहान शोधकुंतल खोलीचा काही भाग गमावून विभेदनक्षमता मिळवून देते. कचऱ्याने भरलेल्या जागी ही देवघेव लाभाची, तर मोकळ्या मैदानात तोट्याची ठरते. बेल यांच्या प्रयत्नातून मिळणारा धडा हाच, की यंत्राच्या शक्तीइतकेच महत्त्व ते कोठे व कोणत्या परिस्थितीत वापरले जाते यास आहे. म्हणून कुंतल निवडण्यापूर्वी जमीन अभ्यासावी.