गोव्यातले कालीस: चांदी, मुलामा आणि रोकोको नक्षी

कालीस म्हणजे मिस्सा या कॅथलिक उपासनेच्या वेळी द्राक्षारस ठेवण्याचा उभा प्याला. गोव्याच्या जुन्या चर्चमधले कालीस बहुधा चांदीचे, वरून सोन्याचा मुलामा दिलेले असतात. प्याला चांदीचा असला तर निदान त्याची आतली बाजू सोन्याची असावी, हा चर्चचा जुना नियम आहे. वर वाटी, खाली पसरट बैठक, दोहोंना जोडणारा दांडा आणि दांड्याच्या मध्यावर गाठ, असे त्याचे चार भाग. गाठ केवळ शोभेची नव्हे. जुन्या विधीत भाकरीचा संस्कार झाल्यावर धर्मगुरू अंगठा आणि तर्जनी जुळवलेलीच ठेवत असे. उरलेल्या बोटांना पकड मिळावी म्हणून ती गाठ लागते.

रोकोको शैली अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये रूढ झाली. शंख-शिंपले, लाटांसारख्या कडा, इंग्रजी 'सी' आणि 'एस' अक्षरांसारखी वळणे आणि डावी-उजवी बाजू मुद्दाम सारखी न ठेवणे, या तिच्या खुणा. पोर्तुगालच्या दरबाराला पॅरिसच्या जेर्मां घराण्याच्या चांदीकामाची आवड होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा राजवाडा आणि त्यातली चांदी गेली, तेव्हा राजा जोसे पहिला याने फ्रांस्वा-तोमा जेर्मांकडे नवी भांडी सांगितली. लिस्बनमध्ये जे चाले, ते पुढे जहाजांनी गोव्यात येई.

कालिसावर ही नक्षी सर्वांत मोकळी खेळते ती बैठकीवर. बैठकीची कड सरळ गोल न राहता आत-बाहेर वळते आणि पृष्ठभागाचे तीन-चार भाग पडतात. प्रत्येक भागात वळणदार चौकट. चौकटीत द्राक्षांचे घोस, गव्हाची कणसे, किंवा क्रूस, खिळे, काट्यांचा मुकुट अशी ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे. मधल्या जागांतून पंखवाल्या देवदूतांची मुखे डोकावतात. दांड्यावरची गाठ उलट्या पेअर फळासारखी असते. वाटीच्या खालच्या अर्ध्या भागाला नक्षीदार कोंदण बसवतात, वरचा काठ मात्र साधा, गुळगुळीत राहतो, कारण तिथे ओठ लागतात आणि तो पुसावा लागतो. नक्षीने कुठे थांबायचे, हे कालिसाइतके नेमके फार थोड्या वस्तूंत दिसते.

हे काम करणारे हात बहुतांशी हिंदू सोनारांचे होते. राउलू शेट (पोर्तुगीज कागदपत्रांत राउलू शातीं) हा गोव्याचा सोनार १५१८ च्या सुमारास लिस्बनच्या राजदरबारी काम करायला गेला होता. उलट १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने चर्चच्या पवित्र वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई झाली तरी काम थांबले नाही, कारण तेवढे कसब दुसरीकडे नव्हते. म्हणूनच आराखडा युरोपचा असला तरी पानाफुलांच्या दाट भरणीत इथली सवय दिसते.

चांदीचा गोल पत्रा ठोकत ठोकत वाटी घडवतात. ठोकल्याने चांदी कडक होते, म्हणून ती मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. उठावाच्या कामासाठी पत्रा राळेवर बसवून मागून ठोकतात, मग पुढून छिन्नीने बारकावे काढतात. देवांच्या चांदीच्या मुखवट्यांवर आणि प्रभावळींवर दिसणारे उठावाचे काम याच जातीचे. देवदूतांची मुखे आणि गाठ बहुधा ओतीव असतात. सारे भाग शेवटी मधल्या सळईने आणि आट्यांनी एकत्र कसतात.

मुलामा पाऱ्याचा. सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा चांदीवर फासायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन जातो, सोने चिकटून राहते. नंतर अकीकाच्या दगडाने घासून चमक आणतात. ती वाफ विषारी असते आणि तिची किंमत कारागिरांच्या फुप्फुसांनी व मज्जासंस्थेने मोजली. एकोणिसाव्या शतकात विजेचा मुलामा आल्यावर ही रीत मागे पडली.

गोव्याच्या चांदीवर बहुधा ठसा नसतो, त्यामुळे काळ नक्षीवरूनच ठरवावा लागतो. त्यात धोका आहे, कारण युरोपात रोकोको संपल्यावरही इथे ती वळणे चालू राहिली. १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बंद झाले, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि त्या काळात बरीच चांदी नाहीशी झाली. जे वाचले त्यातला मोलाचा संग्रह म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्टमध्ये आहे. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले.