कोराडीचा माणूस

नागपूरकरांना कोराडी ठाऊक आहे ती दोन गोष्टींमुळे. एक जगदंबेचे देवस्थान आणि दुसरी वीज केंद्राची धुराडी. या केंद्रासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे गाऱ्हाणे घेऊन जी तरुण मंडळी पुढे आली, त्यांत चंद्रशेखर बावनकुळे होते. उमेदीच्या काळात त्यांनी ऑटोरिक्षाही चालवली. १९९७ साली ते जिल्हा परिषदेवर निवडून आले, २००४ साली कामठीतून विधानसभेत गेले आणि २०१४ साली चक्क ऊर्जामंत्री झाले. ज्या गावाने विजेसाठी जमीन दिली, त्या गावचा माणूस राज्याच्या विजेचा कारभार पाहू लागला! कादंबरीत मी असे लिहिले असते, तर संपादकांनी 'फारच जुळवून आणले आहे' म्हणून समासात फुली मारली असती.

आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला 'सर्कल' म्हणतात. सर्कलचा सदस्य म्हणजे शाळेची गळकी खोली, बंद पडलेला हातपंप, आरोग्य केंद्रात न येणारा डॉक्टर. मंत्र्याला भेटायचे तर मुंबईला जाऊन पास काढावा लागतो. हा सदस्य मात्र चहाच्या टपरीवर सापडतो आणि लोक त्याला तिथेच धारेवर धरतात. नगरसेवकाचेही तेच. देवेंद्र फडणवीस १९९२ साली नगरसेवक झाले, १९९७ साली महापौर आणि १९९९ साली आमदार, हा क्रम वाचकांना आठवत असेलच.

२०१९ साली पक्षाने बावनकुळेंना तिकीट नाकारले. सलग तीन वेळा निवडून आलेला, मंत्री असलेला माणूस घरी बसला. कामठीतून टेकचंद सावरकर उभे राहिले आणि जिंकलेही. अशा वेळी भल्याभल्यांचा दिवाणखाना ओस पडतो.

बावनकुळेंना दार उघडले ते जुन्याच घराचे. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांकडून निवडल्या जातात. मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य अशी मंडळी. डिसेंबर २०२१ मध्ये नागपूरच्या या जागेवर बावनकुळे उभे राहिले. काँग्रेसने मतदानाच्या तोंडावर आपले अधिकृत उमेदवार रवींद्र भोयर यांना सोडून अपक्ष मंगेश देशमुखांना पाठिंबा दिला. निकाल लागला तेव्हा बावनकुळेंना ३६२ मते होती, देशमुखांना १८६ आणि भोयरांना १. या निवडणुकांत मतदारांना सहलीला नेण्याची रीत सर्वांना माहीत आहे, तेव्हा हा सारा जिव्हाळाच होता असे मी म्हणणार नाही. पण सर्कलमधली ओळख कामी आली नसेल, असेही कोणी म्हणू नये. पुढे २०२२ मध्ये ते प्रदेशाध्यक्ष झाले. २०२४ साली कामठीतूनच पुन्हा आमदार आणि मग महसूलमंत्री.

मार्च २०२२ मध्ये मात्र नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. मतदारच न उरल्याने परिषदेच्या त्या २२ पैकी कितीतरी जागाही रिकाम्या राहिल्या. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२५ मध्ये. तोवर गटार तुंबले की वस्तीतली माणसे 'माजी' नगरसेवकाचीच कडी वाजवत होती. तो तरी काय करणार, सही प्रशासकाची!

१९९७ साली बावनकुळे २८ वर्षांचे होते. मार्च २०२२ मध्ये २८ वर्षांचा असलेला नागपुरातला एखादा होतकरू कार्यकर्ता त्या आदेशाच्या दिवशी ३१ वर्षांचा झाला होता. अर्ज भरायला त्याला अजून प्रभागच मिळाला नव्हता.