नकाशातला हिरवा चौकोन

वास्तुकलेच्या महाविद्यालयात ज्युरीच्या दिवशी भिंतीवर शीट लागतात, तेव्हा हाउसिंगच्या प्रकल्पात एक गोष्ट हटकून दिसते. इमारतींच्या मधोमध एक हिरवा चौकोन, त्यात तीन-चार गोल झाडं, दोन बाकं, पतंग उडवणारं एखादं मूल आणि खाली नाव ‘कम्युनिटी स्पेस’. नागपुरात बाहेरचा परीक्षक म्हणून बसताना अशा शीट मी बऱ्याच पाहिल्या आहेत. माझा प्रश्न ठरलेला असतो : मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, इथे कोण बसेल? उत्तरही ठरलेलं : “सर, लोक इंटरॅक्ट करतील.” २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी त्या बाकावर बसून इंटरॅक्ट करणारा नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

मुलांची थट्टा करण्यासाठी हे लिहीत नाही. पाच वर्षांच्या बी. आर्क.मध्ये सामूहिक निवासाचा प्रकल्प साधारण मधल्या टप्प्यावर येतो. आधीच्या सत्रांत मुलांनी एखादा बंगला, एखादी शाळा केलेली असते. आता पहिल्यांदाच ज्यांना आपण ओळखत नाही अशा शे-दोनशे कुटुंबांसाठी घरं काढायची असतात. मग केस स्टडी शोधली जाते आणि ती फिरून फिरून दोन ठिकाणी येते. एक चार्ल्स कोरियांचं नवी मुंबईतलं बेलापूर, दुसरं बाळकृष्ण दोशींचं इंदूरचं अरण्य. दोन्ही उत्तम आहेत. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या बेलापूरमध्ये सात घरांचा एक पुंजका आहे आणि त्यांच्यामध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके एकत्र आले की त्यांच्यात आणखी मोठी मोकळी जागा. दोन घरांत सामाईक भिंत नाही, कारण शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. ‘अरण्य’मध्ये हजारो लोकांना आखलेला प्लॉट, पाणी, सांडपाण्याची सोय आणि थोडं बांधकाम दिलं; पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभारलं. आगाखान पुरस्कार मिळाल्यावर त्याचं नाव जगभर झालं.

विद्यार्थी यातून आठ बाय आठ उचलतो. अंगण इतकंच का, तिथे कोण काय करतं, ते झाडतं कोण, हे शीटवर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सामाईक जागा आकाराने जगत नाही. तिला रोजचं एक काम लागतं, सावली लागते आणि ‘ही आमची’ म्हणणारी माणसं लागतात. या तिन्ही गोष्टी नागपुरात आणि नागपूरच्या आसपास इतक्या पडलेल्या आहेत की इंदूर-बेलापूरला जाण्याआधी मुलांनी सिटी बसचं तिकीट काढावं.

महालपासून सुरुवात करू. भोसल्यांचा लाकडी राजवाडा १८६४ मध्ये जळाला, पण त्याच्या आसपासचे वाडे बरेच टिकले आणि पुढे त्यांत भाडेकरूंची बिऱ्हाडं आली. एका खानदानी कुटुंबासाठी बांधलेल्या चौकात अनेक कुटुंबांचा संसार मांडला गेला. चौकात विहीर, कडेने ओसरी, मागे सांदवाडी. पापड-कुरडया वाळवायच्या तर ऊन कुणाच्या दाराशी किती वेळ येतं यावरून जागा ठरायची. चौकातला वारा उन्हाळ्यात खालच्या खोल्या निवत ठेवायचा आणि रात्री सगळी मंडळी गच्चीवर जायची. कुणाची गादी कुठे, हेसुद्धा ठरलेलं. मात्र वाड्याचे फार गोडवे गाण्याचं कारण नाही. नळ एक, संडास एक, आणि पहाटेची रांग ज्यांनी लावली त्यांना त्यात काव्य दिसणार नाही. घरोघरी नळ आल्यावर नळावरची भांडणं संपली ते फार बरं झालं. पण नळाबरोबर बायकांची दिवसातून दोनदा हक्काने भेटायची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात काय द्यायचं हे कुणी ठरवलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याने खरं तर याच प्रश्नावर प्रबंध करायला हवा.

महालातून गोळीबार चौकाकडे गेलं की हलबा-कोष्ट्यांची वस्ती लागते. मोमीनपुऱ्यात मोमीन विणकर. विणकराच्या घराचा नकाशा मागावरून ठरायचा. समोरच्या खोलीत खड्ड्याचा माग, पाय खड्ड्यात, नजर ताण्यावर, चूल-बिऱ्हाड मागे. सुताला खळ लावायची तर ताणा लांबच लांब पसरावा लागतो आणि तेवढी जागा कुणाच्याच घरात नसते. म्हणून गल्ली हाच कारखाना. सकाळच्या उन्हात दोन्ही टोकांना माणसं उभी, मधे पसरलेला ताणा, त्यावरून फिरणारा कुंचा. शेजाऱ्याला वाट काढून द्यायची, त्यानेही कुरकुर न करता कडेने जायचं, कारण उद्या त्याचा ताणा आहे. गल्ली किती रुंद, किती सरळ असावी हे धंद्याने ठरवलं होतं. यंत्रमागाने आणि गिरणीच्या सुताने हे काम मोडलं. मग त्याच गल्लीत मोटारसायकली उभ्या राहिल्या. ज्या दिवशी काम गेलं, त्या दिवशी सामाईक जागा पार्किंग झाली.

गिरणीचा उल्लेख आलाच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, नागपुरात सुरू झाली. पुढच्या काळात कंपनीने इंदोऱ्याकडे कामगारांसाठी वसाहत आखली. पद्धत अशी की जागा आखून कंपनीने द्यायची, घर कामगाराने स्वतः बांधायचं आणि त्यासाठी लागणारं कर्जही कंपनीकडूनच मिळायचं. गिरणीचे व्यवस्थापक सर बेझनजी मेहता यांचं नाव आजच्या बेझनबागेला आहे. ‘अरण्य’ची कल्पना शिकवताना आपण तिला ऐंशीच्या दशकातली क्रांती म्हणून सांगतो. तिची जुनी नागपुरी आवृत्ती रिक्षाच्या अंतरावर आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे आणि तिथे मुलं ‘पब्लिक स्पेस’चा अभ्यास करायला जातात!

याच इंदोऱ्यात आणि उत्तर नागपूरच्या वस्त्यांत फिरताना बुद्धविहार बघावेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत लोकांनी वर्गणी काढून ते बांधले. वास्तुरचना म्हणून त्यातले बरेच अगदी साधे आहेत : एक हॉल, पुढे ओटा, वर छोटा घुमट किंवा कमान. पण सकाळी वंदना, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी बैठक, १४ एप्रिलच्या आधी लेझीमची तालीम, आणि कुणाच्या घरी मयत झाली तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही तिथेच. घरात दहा बाय दहाची एक खोली आणि माणसं सहा, अशा मुलाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला टेबल मिळतं ते विहारात. किल्ली वस्तीतल्याच कुणाकडे तरी असते. त्याच वस्तीच्या टोकाला आमदार निधीतून बांधलेलं समाजभवन असतं. त्याला खिडक्या चांगल्या असतात, पंखेही असतात, आणि बहुतेक वेळा कुलूप असतं. दोन्हींचा प्लॅन काढून शेजारी शेजारी लावला तर फारसा फरक दिसणार नाही. फरक किल्लीत आहे आणि किल्ली नकाशावर काढायची रीत नाही.

मोकळ्या जागेचा नागपुरी इतिहास मात्र ले-आउटशिवाय पुरा होत नाही. इथे माणूस कॉलनीत राहत नाही, ले-आउटमध्ये राहतो. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपलं नासुप्र, १९३६ च्या कायद्याने आलं. त्याच्या आखणीबाहेर शेतजमिनी कापून जे प्लॉट विकले गेले ते २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले. ‘पाचशे बहात्तर ले-आउट’ आणि ‘एकोणीसशे ले-आउट’ हे शब्द त्यातूनच नागपूरकरांच्या तोंडी बसले. अशा ले-आउटच्या मंजूर नकाशात ‘ओपन स्पेस’ असते. प्रत्यक्षात जाऊन पाहिलं तर तिथे कुठे गाजरगवत, कुठे बांधकामाचा मलबा, कुठे तारेचं कुंपण, आणि फार ठिकाणी एक देऊळ. अशा जागांवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला आणि २०१८ मध्ये बरीच बांधकामं पाडली गेली. कायद्याच्या बाजूने निर्णय बरोबरच होता. पण वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने त्यातून वेगळं काही शिकावं : मोकळ्या जागेला कुणी वाली नसेल तर लोक तिला देव देतात, कारण देवाच्या निमित्ताने निदान झाडलोट होते.

आता शहराबाहेर. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं म्हणून मुलं पुन्हा जात नाहीत. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथे, तेव्हाच्या सेगावात, पहिल्यांदा मुक्कामाला आले. तिथलं पहिलं घर म्हणजे आदि निवास. मातीच्या जाड भिंती, बांबू, वर कवेलू, बाजूने ओसरी आणि मधे एकच मोठी खोली. एकट्याने राहायचा बेत होता, पण झालं उलटंच. गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफारखान, आले-गेले पाहुणे, आणि काही दिवस आपले तुकडोजी महाराजसुद्धा, असे सगळे त्या एका छपराखाली राहिले. एकेकाच्या वाट्याला एकेक कोपरा आला. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही खोली तग धरते याचं कारण तिची ओसरी. ऊन भिंतीला लागण्याआधी ओसरीवर अडतं, आणि माणसं खोलीपेक्षा ओसरीवरच जास्त बसतात. विद्यार्थ्याने टेपने मोजावी तर खोली नंतर, आधी ओसरी मोजावी, छपराची कड जमिनीपासून किती खाली आली आहे ते बघावं. ती इतकी खाली असते की उंच माणसाला वाकावं लागतं, आणि त्या वाकण्यातच सगळी सावली आहे.

पुढे गांधीजी मीराबेनसाठी बांधलेल्या कुटीत राहायला गेले. तीच आजची बापू कुटी. तिच्या भिंतींवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा अजून आहेत. सहजीवनावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसालाही शेवटी वेगळी कुटी लागली. माझ्या मते सामूहिक निवासाच्या अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. जेवण, प्रार्थना, सूतकताई आणि संडास-सफाई सगळ्यांची मिळून. पण दार लावून बसायला चार भिंती प्रत्येकाला हव्यात. आजचे ‘को-लिव्हिंग’चे चकचकीत प्रकल्प नेमकं उलटं करतात. खोलीत दोन पलंग कोंबतात आणि खाली लॉबीत पूल टेबल ठेवतात.

आनंदवन याच्याही पुढे गेलं. बाबा आमट्यांनी आधी वरोऱ्याजवळ श्रमाश्रमात वेगवेगळ्या जातींच्या कुटुंबांना एकत्र राहायला आणून पाहिलं. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ पासून खडकाळ माळावर आनंदवन उभं राहू लागलं. तिथली घरं, रस्ते, तलाव राहणाऱ्यांनी स्वतः केले. लोखंडी सळ्यांचा खर्च टाळणारी कमानीच्या छपरांची घरंही तिथे बांधली गेली. स्वयंपाकघर मोठं आणि सर्वांचं. समाजाने गावाबाहेर टाकलेल्यांनी आपलं गाव स्वतः आखलं, हे एकदा लक्षात घेतलं की ‘पार्टिसिपेटरी डिझाइन’ या शब्दाचा दबदबा बराच उतरतो.

हे सगळं मुलांना जमतं का? जमतं. एका ज्युरीत एका मुलीने विद्यार्थिनींच्या वसतिगृहाचा प्रकल्प मांडला होता. ती गडचिरोली जिल्ह्यातून आलेली, नागपुरात पीजीवर राहणारी. तिच्या शीटवर हिरवा चौकोन नव्हता. पहिल्या शीटवर तिने आपल्याच पीजीचं वेळापत्रक काढलं होतं : गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, मेसचा डबा कधी, कपडे वाळायला किती वेळ, कुणाचा फोन आला की ती मुलगी कुठे जाऊन बोलते. फोनसाठी सगळ्या जिन्यात बसायच्या, कारण खोलीत तिघी. म्हणून तिने जिन्याचा मधला टप्पा चांगला ऐसपैस केला, उत्तरेकडे उघडला, बसायला कट्टा केला आणि शेजारीच कपडे धुण्याची-वाळवण्याची जागा काढली. कूलर प्रत्येक खोलीला न देता तळमजल्यावर अभ्यासाची एक मोठी खोली ठेवली, जाड भिंतींची आणि वाळ्याच्या ताट्यांची, उन्हाळी परीक्षेत सगळ्यांनी तिथे बसावं म्हणून. एका परीक्षकाने विचारलं, “यात फॉर्म कुठे आहे?” ती गोंधळली. मला विचाराल तर त्या जिन्यात होता.

हा प्रश्न शीटपुरता नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळहून दरवर्षी मुलं-मुली नागपुरात शिकायला येतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भाड्या-जेवणाचे पैसे मिळतात, पण राहण्याजोगी खोली त्यांनीच शोधायची. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक झोपडपट्ट्यांत. या लोकांची घरं कुणीतरी काढणारच आहे. ते काढणारे आज कुठल्यातरी स्टुडिओत रात्री जागून मॉडेल चिकटवत आहेत.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं : पुढची एक ज्युरी वातानुकूलित हॉलमध्ये न घेता एखाद्या ले-आउटच्या ओपन स्पेसवर घ्या, तीही एप्रिलमध्ये, दुपारी. आणि महाल, इतवारी, गोळीबार चौक, इंदोरा इथल्या वाचकांना एक विनंती. दिवाळीनंतर नवं सत्र सुरू होईल. वही-टेप घेऊन चार मुलं दारात येतील, चौक मोजू द्या म्हणतील, विहिरीजवळ कोण बसायचं असं विचारतील. त्यांना महापालिकेची माणसं समजून दार लावू नका. आत घ्या, घरातल्या आजीशी बोलायला बसवा, आणि कपाटात आखीव पत्रिका किंवा घराचा जुना नकाशा असेल तर तोही दाखवा.