चढते, पण बसत नाही

नागझिऱ्याच्या फाटकावर सकाळी जिप्सींची रांग लागते. आत जाणाऱ्यांचं सगळं लक्ष जंगलाकडे असतं, गाडीच्या पाठीला टांगलेल्या जादा चाकाकडे कोण बघणार? पण ते चाक बघण्यासारखं आहे. त्याच्या मधोमध मोठं भोक, आणि त्याभोवती नटांची पाच भोकं. या पाच भोकांच्या मध्यबिंदूंतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास भरतो १३९.७ मिलिमीटर.

सरळ १४० का नाही? कारण हा आकडा मुळात मिलिमीटरचा नाहीच. तो बरोब्बर साडेपाच इंच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जगभर फिरवलेल्या विलीज जीपच्या चाकाला हेच पाच नट आणि हेच साडेपाच इंची वर्तुळ होतं. १९४७ साली महिंद्रांनी ती जीप भारतात आणली. जिप्सी मात्र १९८५ची आणि जपानच्या सुझुकीच्या घराण्यातली. तिचं वर्तुळ तरीही तेच. रशियात १९७७ साली निघालेल्या लाडा निवाचंसुद्धा तेच. जपान आणि रशिया दोन्ही देश मीटरने मोजणारे, तरी त्यांच्या चाकांत एका अमेरिकी लष्करी गाडीचा इंच जसाच्या तसा राहिला आहे.

मग निवाचं चाक जिप्सीला लागेल? नाही लागणार. पाच भोकं जुळतील, पण मधलं भोक अडेल. जिप्सीचं मधलं भोक १०८ मिलिमीटरचं, निवाचं ९८च्या आसपास. जिप्सीचा हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो भाग, त्यातून बाहेरच येणार नाही.

हा प्रश्न जंगलातल्या गाड्यांपुरता नाही. आमचं गोरेगाव हे तालुक्याचं ठिकाण गोंदिया–कोहमारा रस्त्यावर आहे. कोहमाऱ्याला मुंबई–कोलकाता महामार्ग लागतो आणि त्याआधी मुरदोलीचं जंगल. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामध्ये वाघांची जी ये-जा चालते, ती याच पट्ट्यातून. इथे रात्री चाक पंक्चर झालं तर स्टेपनी हवीच. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला अनेकदा कळतं ते असं, की डिक्कीतला गालिचा उचलला तर खाली नुसता खड्डा आहे. चाक आधीच्या मालकाने कधीच वापरून टाकलेलं, नाहीतर विकलेलं. नवं घ्यायचं तर महाग पडतं. मग शोध सुरू होतो जुन्या चाकाचा: पंक्चरवाल्याकडे, गोंदियात, भंगारात, आणि तिथे नाही मिळालं तर नागपूरला.

या शोधात जवळजवळ प्रत्येक जण टायरवरचे आकडे घेऊन निघतो. माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. टायरवरचे आकडे ठळक असतात म्हणून महत्त्वाचे वाटतात. उदाहरणार्थ १६५/८० आर १४. यात १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं सुखाने नांदतात, आणि जगात कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

आता डिझायर घ्या. २०१७च्या पिढीत खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५. आकडे वेगळे, रिम वेगळी. पण हिशेब करा. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२, वर-खाली मिळून २६४. त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवले की उभ्या टायरची उंची झाली ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्याचं गणित मांडलं तर येतं ६२१.५. फरक पुरता दोन मिलिमीटरही नाही! टायर थोडा झिजला तर यापेक्षा जास्त फरक पडतो. म्हणजे टायरवरचे तिन्ही आकडे वेगळे असूनही चाक चालू शकतं आणि तिन्ही सारखे असूनही ते गाडीला लागणार नाही असं होऊ शकतं. (आमच्या गावाचंही तसंच. एक गोरेगाव मुंबईत, एक रायगडात, एक हिंगोलीत; पत्त्यावर जिल्हा लिहिला नाही तर पार्सल कुठेही जातं.)

चाक कोणत्या गाडीचं, हे ठरतं त्याच्या पाठीवर. मेकॅनिक ज्याला पीसीडी म्हणतात ते नटांच्या भोकांचं वर्तुळ हे पहिलं माप. स्विफ्ट, डिझायर, बलेनोला चार भोकं आणि १०० मिलिमीटर. ह्युंदाईच्या ग्रँड आय-टेनलाही चार आणि १००. टोयोटाच्या इटिओसलाही तेच, होंडा सिटीलाही तेच. फोर्डच्या फिगोला मात्र चार आणि १०८. फियाटच्या पालिओला चार आणि ९८. क्विडला आणि नॅनोला तर तीनच नट. पण हे अपवाद सोडले, तर बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या या वर्तुळाच्या बाबतीत इतक्या एकमताच्या कशा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

चार भोकांचं वर्तुळ मोजायला साधी पट्टी पुरते. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, मध्य शोधायची गरजच नाही. पाच भोकांत खरी गंमत आहे, कारण तिथे कुठल्याच भोकासमोर भोक नसतं. मग शेजारच्या दोन भोकांचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मोजायचं आणि १.७०ने गुणायचं. ८२ आलं तर जिप्सीचं वर्तुळ, ६७ आलं तर ११४.३चं. आणि हे ११४.३ म्हणजे बरोबर साडेचार इंच. इथेही इंच लपून बसला आहेच. जर्मन गाड्यांत चालणारं ११२चं वर्तुळ असेल तर अंतर येतं ६५.८. दोन्हींत फरक दीड मिलिमीटरचाही नाही, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये.

विसंबलं तर काय होतं? ९८चं चाक १००च्या हबवर जोर लावला की चढतं. नटही फिरतात. पण प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर कमी पडल्यामुळे नट तिरके बसतात. आणि नटांचं काम आपल्याला वाटतं ते नाही. आपली समजूत अशी, की गाडीचं वजन त्या चार बोटभर बोल्टांवर लटकलेलं असतं. खरं तर नट चाकाला हबवर इतकं घट्ट दाबून धरतात, की त्या दोन सपाट पत्र्यांमधलं घर्षणच सगळा भार वाहतं. बारा मिलिमीटरचा नट पान्याने नीट आवळला की तो ढोबळ हिशेबाने चार टनांच्या दाबाने धरतो. चार नट म्हणजे सोळा टन, आणि ज्या गाडीसाठी हे सगळं ती स्वतः एक टनाच्या आसपास! नट तिरका बसला की हा दाब कागदावरच राहतो. जाणता मेकॅनिक अशा चाकाबद्दल एवढंच म्हणतो, "चढते जी, पण बसत नाही."

मधल्या भोकाचं गणित बांगडीसारखं आहे: लहान असेल तर हातात जाणारच नाही, मोठी असेल तर जाईल पण खुळखुळेल. स्विफ्ट, ग्रँड आय-टेन आणि इटिओस या तिघींचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. होंडा सिटीचं ५६.१. म्हणजे सिटीचं चाक स्विफ्टवर जाईल, पण मध्यावर नेमकं बसवण्याचं सारं काम नटांवर पडेल. मध्ये एक पातळ कडी घालून ही फट भरता येते, अलॉय विकणाऱ्यांकडे अशा कड्या मिळतात. सिटीच्या हबवर स्विफ्टचं चाक मात्र जाणार नाही.

तर मग स्विफ्टला ग्रँड आय-टेनचं चाक चालेल? वर्तुळ तेच, मधलं भोक तेच. इथे नट आडवे येतात. दोन्हींचे बोल्ट बारा मिलिमीटरचेच, पण सुझुकीच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर आणि ह्युंदाईचं १.५. पाव मिलिमीटरचा फरक. चाकाबरोबर मिळालेला ह्युंदाईचा नट मारुतीच्या बोल्टवर एक-दोन वेढे जातो आणि अडतो. तिथे पान्यावर पाय दिला की बोल्टचे आटे गेलेच समजा. म्हणून दुसऱ्या गाडीचं चाक घ्यावं, नट आपलेच ठेवावेत. त्यातही नटाचं टोक बघावं. बहुतेक गाड्यांत ते निमुळतं शंकूसारखं असतं, होंडात गोलसर. शंकू गोल खळग्यात टेकतो तो नुसत्या एका रेघेवर, आणि थोड्याच प्रवासात सैल होतो.

आणखी एक माप राहिलं. रिमच्या पाठीवर ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर सरकलेली आहे, ते यावरून कळतं. हा आकडा फार वेगळा असेल तर चाक आत शॉकअपला घासतं, नाहीतर मडगार्डच्या बाहेर येतं. आणि सगळे आकडे जुळले तरी ब्रेक उरतोच. पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर मोठा असेल तर लहान रिम त्यावर अडकते. तेच चाक मागे मात्र निमूटपणे बसतं. स्टेपनी घेताना ती पुढेही लावून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक हाताने गरगर फिरवून बघायची, ती यासाठी.

ही सगळी कटकट एका माणसाने पूर्वी चक्क टाळली होती. सुरुवातीच्या मोटारींची चाकं सुटी निघतच नसत. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर उतरवायचा आणि ठिगळ लावायचं. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात टॉमस मॉरिस डेव्हिस याने आऱ्या नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली एक नुसती रिम तयार केली. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, त्याच्या कडेला ही रिम शिकंज्यांनी आवळायची आणि निघायचं. ना हब, ना नट, ना मधलं भोक! रिमचा व्यास जुळला की झालं. त्याचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, आणि त्या रस्त्याचं नाव आज मुरदोलीपर्यंत पोचलं आहे. पुढे सुटी निघणारी चाकं आली आणि डेव्हिसचा माल मागे पडला, पण जुळवाजुळवीचा प्रश्न आला तो त्या सुट्या चाकांबरोबरच.

आता स्टेपनीच जाऊ लागली आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक दिलंच पाहिजे असं बंधन नाही. खिळा गेला असेल तर संचातला चीक काम भागवतो. टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि खडीच्या रस्त्यावर बाजू फाटणं हे काही नवलाचं नाही.

जुनं चाक पसंत पडलं की टायरचं वय बघून घ्यावं. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी विदर्भाच्या उन्हात डिक्कीत वर्षानुवर्षं भाजलेलं रबर कडक होऊन तडकतं. उंची थोडी कमी-जास्त असेल तर ते चाक शक्यतो इंजिन फिरवत नसलेल्या बाजूला लावावं, म्हणजे स्विफ्ट किंवा ग्रँड आय-टेनमध्ये मागे. पुढे लावलं तर डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीने फिरत राहतं आणि दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणावरचं काम करावं लागतं.

आणि डिक्कीतला खड्डा मोजायला विसरू नये. काही गाड्यांत तो मुळातच लहान, बारीक स्टेपनीपुरता केलेला असतो. गरज पडली की लहान चाक त्यातून निघतं आणि गाडीला लागतं, पण उतरवलेलं मोठं चाक काही त्यात मावत नाही. ते चिखलासकट मागच्या सीटवर पाहुण्यांच्या शेजारी बसून घरी येतं.